धान घरी, बंदूक ठाण्यात

कायदे दिल्लीत होतात असं म्हणतात. होत असतील. पण धानोऱ्याच्या बाजूला बंदुकीचा एक नियम बदलला तो धानाच्या चिखलात बदलला, आणि तो बदलायला लावला एका लंगड्या बाईनं. दिल्ली कुठल्या दिशेला आहे असं तिला विचारलं असतं तर तिनं चांद्याकडे, म्हणजे जिल्ह्याच्या गावाकडे, बोट दाखवलं असतं. तिच्या लेखी सगळं सरकार चांद्यालाच राहायचं.

सुकरी तिचं नाव. धानोऱ्यापासून दोन-अडीच कोसांवर रानाला लागून गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती होती, त्यात तिचं घर. मधे एक नाला, आणि नाल्यापलीकडं कुणब्यांचं गाव. नवरा कोलू मुलखाचा अबोल. बोलायचं सगळं काम त्यानं लग्नातच बायकोवर सोपवून टाकलं होतं, आणि तिनंही ते मनापासून पत्करलं होतं. सुकरी बोलायची, भांडायची, भांडता भांडता स्वतःच हसत सुटायची. ती रानात कुठं आहे हे शोधायला कोलूला कधी पाऊलखुणा बघाव्या लागल्या नाहीत; तो नुसता उभा राहून कान द्यायचा.

ती लंगडी कशी झाली हे गावाला माहीत होतं, सरकारला माहीत नव्हतं. पुढचं सगळं रामायण या एवढ्या फरकातून झालं.

चैतात मोह गळतो. दिवस उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात. उशीर केला तर ढोरं फुलं खाऊन जातात, आणि लवकर गेलं तर अस्वल भेटतं, कारण मोह त्यालाही आपल्याइतकाच गोड लागतो. म्हणून रीत अशी, की झाडाकडे जाताना बाईनं आवाज करत जायचं. खोकायचं, गाणं म्हणायचं, काहीच सुचलं नाही तर नवऱ्याच्या नावानं शिव्या द्यायच्या. अस्वल ऐकतं आणि बाजूला होतं. रान असंच वाटून खायचं असतं.

सन पंचावन्नच्या चैतात एका पहाटे सुकरी गप्प गेली. आदल्या संध्याकाळी तिचं कोलूशी कशावरून तरी बिनसलं होतं आणि ती रुसली होती. रुसवा तरी कसा, तर 'आता मी या घरात बोलणारच नाही' असा. आणि घरात बोलायचं नाही तर रानात तरी कशाला, म्हणून तोंड मिटून, डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन ती झाडाखाली ओणवी होऊन फुलं वेचत होती. जन्मात एकदा ही बाई गप्प बसली, आणि नेमकं तेव्हाच मोहाच्या बेचक्यात रामाजी बसला होता.

रामाजी नाल्यापलीकडचा शेतकरी, धानाच्या पाच-सहा बांध्यांचा, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यांचा धनी, स्वभावानं गाय. सरकारनं त्याला भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक बाळगायचा परवाना दिला होता तो धानाच्या राखणीसाठी. रानडुकरं रातोरात उभं पीक लोळवतात म्हणून. धान पौषात घरी आलं तरी बंदूक खुंटीवरच राहिली, आणि खुंटीवरची बंदूक माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्याची बायको वच्छला गुडघ्यांनी बेजार होती. कुणीतरी सांगितलं, अस्वलाची चरबी चोळा. झालं, रामाजीनं नळीत बार ठासला आणि झाडावर जाऊन बसला. झुंजुमुंजू उजेडात खाली काळं, केसाळ, वाकलेलं काहीतरी हललं आणि त्यानं बार काढला.

छर्रे सुकरीच्या मांडीत आणि खुब्यात घुसले. ती किंचाळली तेव्हा रामाजीला कळलं. तो झाडावरून उतरला म्हणण्यापेक्षा पडला. बंदूक तिथंच टाकून त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि धानोऱ्याच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेत तो लहान पोरासारखा रडत होता.

"सुकरीबाई, मेलो मी. आता मले फाशीच हाये."

"गोळी मले लागली अन् मरून तुम्ही राह्यले काय?" पाठीवरून सुकरी म्हणाली. "सरळ चाला, रामाजीभाऊ. तुम्ही हुंदका देता तं मले दुखते."

दवाखान्यात ठाणेदार आला. कुणी मारलं, असं त्यानं विचारलं. सुकरीनं रामाजीकडे पाहिलंही नाही. जीपमधून आलेले शहरातले शिकारी होते, बार काढून पळून गेले, ह्या भल्या माणसानं मला उचलून आणलं, असं तिनं बेधडक सांगितलं. का सांगितलं? तर तिचा पोरगा तान्हा असताना ती तापानं फणफणली होती, दूध आटलं होतं, आणि नाला ओलांडून येऊन वच्छलानं त्याला आपल्या पोरीबरोबर अंगावर पाजलं होतं. जातीतल्या बायकांनी नावं ठेवली तेव्हा वच्छला म्हणाली होती, भूक काय जात विचारून लागते? त्या दुधाला सुकरी जन्मभर विसरली नाही. त्या घरातला कर्ता माणूस आपल्या शब्दानं तुरुंगात जावा, हे तिला काही केल्या जमण्यासारखं नव्हतं.

पाय बरा झाला, पण सरळ झाला नाही. रामाजीनं चैत-वैशाखात बंदुकीला हात लावायचा नाही असा कानाला खडा लावला. दर बाजाराच्या आदल्या दिवशी तो लाकडाचा भारा सुकरीच्या अंगणात टाकून न बोलता निघून जाई, आणि सुकरी मागून ओरडे, "भाऊ, एवढं लाकूड तं मले जाळालेही लागणार नाई!" गावानं तोंड शिवलं. प्रकरण मिटलं, असं सगळ्यांना वाटलं.

सत्तावन्नच्या चैतात रानापलीकडच्या एका गावात बुधरी मारली गेली. बुधरी सुकरीच्या माहेरची, दोघी एकत्र खेळलेल्या. तीही मोहाखालीच, तीही पहाटे. फरक एवढाच की बुधरीला कुणी पाठीवर घेतलं नाही. बार काढणारा पळून गेला, आणि माणसं पोचली तेव्हा ती कधीच गेली होती. टोपलीतली फुलं मात्र निम्म्याच्या वर भरली होती. सुकरी ते पाहून आली आणि कोलूला म्हणाली, "मी तवा खरं सांगतली असती तं बुधरी जगली असती काय?" कोलू तिच्याजवळ बसून राहिला आणि सुकरी हमसून हमसून रडली.

रडून झाल्यावर ती उठली आणि धानोऱ्याला भैयाजींकडे गेली. भैयाजी खादीचं दुकान चालवत. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, मनानं निर्मळ, पण भाषणाची हौस एवढी की गिऱ्हाईक नसलं तर कापडाच्या गठ्ठ्यांसमोर बोलत. सुकरीनं आपलं म्हणणं एका दमात सांगितलं. धान घरी आलं की बंदुकीचं घरात काय काम? मोह सरेपर्यंत ती ठाण्यात राहू द्या. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, की घ्या ज्याची त्यानं परत.

भैयाजींनी पहिल्यांदाच भाषण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बाई, कायदा दिल्लीचा. तो आपल्याच्यानं हलत नाई. पण परवान्यावर अट घालणं कलेक्टरच्या हातात राह्यते. आपण अट हलवू."

दिल्लीत तेव्हा हत्यारांचा नवा कायदा व्हायच्या गोष्टी चालल्या होत्या म्हणे. शिकारीचे शौकीन, बंदुका विकणारे, बडे लोक आपापलं म्हणणं योग्य त्या कानावर घालत असतील. मोह वेचणाऱ्या बायकांच्या वाट्याला असा कान नव्हता. तो त्यांना तयार करावा लागला. सुकरी लंगडत गावोगाव गेली. धानोऱ्याच्या बाजारात चिंचेखाली बसून तिनं बायकांना गोळा केलं. गोंडांच्या आल्या, कुणब्यांच्याही आल्या, कारण मोहाखाली वाकताना घोंगडी सगळ्यांचीच काळी असते. 'धान घरी, बंदूक ठाण्यात' हे बोल कुणी जुळवले कोण जाणे, पण दोन बाजारांत ते पोरांच्या तोंडी झाले. बंदूकवाले हसले. 'आता बायका आम्हाला बंदूक शिकवणार,' म्हणाले.

भैयाजींनी चांद्याला जाऊन कलेक्टरसाहेबांची गाठ घेतली आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. या भागात परवान्याच्या बंदुकीनं कुणाला इजा झाल्याची एकही नोंद नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई जखमी झाली ती बाहेरच्या शिकाऱ्यांमुळं, तसं तिनंच सांगितलेलं आहे. बुधरीला मारणाराही तसलाच कुणी असणार. मग गरीब शेतकऱ्यांच्या बंदुका कशाला जमा करायच्या?

घोडं इथं पेंड खात होतं, आणि पेंड सुकरीनंच टाकलेली होती. खरं सांगावं तर रामाजीचं घर बसतं. न सांगावं तर पुढच्या चैतात आणखी एखादी बुधरी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती भैयाजींना काहीच बोलली नाही. घरी जाताना मात्र तिला दुसरं एक सुचलं.

आषाढ सरत आला होता. चिखलण झालेल्या बांध्या पाण्यानं भरल्या होत्या, वाफ्यातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवायला तयार झाले होते. रोवणी हे आमच्याकडे बायकांचं काम. पुरुष नांगर धरतो, चिखल करतो, बांधावर उभं राहून हुकूमही सोडतो. पण दिवसभर वाकून एकेक रोप चिखलात खोचायची वेळ आली की त्याची कंबर वाकत नाही. सुकरीनं बायकांना सांगितलं, ज्याच्या घरी बंदूक त्याच्या बांधीत पाय ठेवायचा नाही. त्यानं साहेबाला इथं बोलवावं, साहेबानं आमचं समोर ऐकावं, मग रोवणी.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे खरं. पण नाक दाबणाऱ्यालाही श्वास रोखून धरावा लागतो. बायकांची मजुरी बुडत होती. सासवा बोलत होत्या. काही घरांत मार बसला. तरी एक बाई फुटली नाही. पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडायला लागले.

पिवळ्या पडलेल्यांत रामाजीचेही होते. एका दुपारी सुकरी नाल्यावरून येत होती तर वच्छला एकटीच बांधीत वाकलेली दिसली. गुडघे साथ देत नव्हते. दोन-चार रोपं लावायची आणि चिखलात हात टेकून थांबायची. सुकरी बांधावर बसली. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

"ये न रोवाले," वर न पाहता वच्छला म्हणाली.

"येता येत नाई, वच्छलाबाई."

"ठाऊक हाये मले. बोलावून पाह्यलं." तिनं आणखी एक रोप खोचलं. "तू नाव सांगशील काय त्यायचं?"

आयुष्यभर बडबड केलेली बाई पदराचं टोक पिळत बसली.

"सांगशील तं आधी मले सांग," वच्छला म्हणाली. "घर आवरून ठेवीन. अन् नाई सांगितलं, तं पुढच्या चैतात जी मरीन, तिचं पाप आपल्या दोघीच्या मानेवर. मीबी तं तोंड बंदच ठेवलं न. तू काय एकटी नाईस."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघीही रडल्या. पाऊस भुरभुरत होता. पण सुकरी बांधीत उतरली नाही, आणि वच्छलानं तिला पुन्हा बोलावलं नाही.

पाच-सहा गावांचे बंदूकवाले शेवटी भैयाजींकडे गेले. साहेबाला बोलवा, तो म्हणेल ते खरं, आधी रोवणी होऊ द्या, म्हणाले. भैयाजींनी साहेबांकडून येण्याचा शब्द आणला तेव्हा कुठं बायका चिखलात उतरल्या. रोवणी उशिरा झाली, पण झाली. रामाजीच्या बांधीत सगळ्यात आधी सुकरी उतरली.

भादव्यात साहेब धानोऱ्याच्या डाकबंगल्यावर आले. आवारात एका बाजूला बंदूकवाले, एका बाजूला बायका. साहेब मराठी बरं बोलत होते, माणूसही वाईट नव्हता. त्यांनी भैयाजींचं भाषण मधेच थांबवलं, त्यावरून त्यांची हुशारी कळावी.

"मला एकच सांगा," ते म्हणाले. "परवान्याच्या बंदुकीनं बाई मेली किंवा जखमी झाली, असं एक तरी उदाहरण आहे का?"

सुकरी उठली.

"हाये, साहेब. मी हाये. जीपवाले कोणी नव्हते. मी खोटी बोलली. माझ्या पायात धानाच्या राखणीची बंदूक हाये."

आवारात एकदम गलका झाला. साहेबांनी हात वर करून तो थांबवला. "कुणाची बंदूक?"

"नाव नाई सांगत."

"नावाशिवाय मी कशावर विश्वास ठेवू, बाई?" साहेब चिडले. "एकदा खोटं बोललीस, आज खरं कशावरून?"

"पाय पाहा अन् ठरवा," सुकरी म्हणाली. "त्या माणसानं मले अस्वल समजून मारलं. पण मारल्यावर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, म्हणून मी उभी हाये. बुधरीले मारनारा टाकून पळाला, म्हणून ती नाई. आज मी नाव सांगतली, तुम्ही त्याले आत टाकलं, तं उद्या कोन बाईले पाठीवर घेईन? सारेच पळतीन. मले कोनाले सजा नाई पाह्यजे, साहेब. चैतात घरात बंदूक नाई पाह्यजे. चांगल्या मानसाच्याबी नाई."

तेवढ्यात बंदूकवाल्यांच्या बाजूनं रामाजी उठला. पुढं आला, आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"ते बंदूक माझी, साहेब."

"बसा खाली!" सुकरी किंचाळली. "दोन वर्सं तुमचं नाव पोटात ठेवलं मी, अन् तुम्ही एका दमात सांडून टाकलं!"

बायकांत कुणीतरी हसलं आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. रामाजी बसला नाही. "बाई, तुझ्या शब्दाले साहेब मानत नाई तं मी कसा बसू?" एवढंच म्हणाला.

पुढं चौकशी झाली. सुकरीनं तक्रारच नाही म्हटल्यावर रामाजी तुरुंगातून वाचला, पण त्याचा परवाना कायमचा गेला. आणि हुकूम निघाला: पौषात धान घरी आलं की राखणीची बंदूक ठाण्यात, मृगाच्या तोंडावर परत. जंगलाच्या या भागातल्या सगळ्या परवान्यांवर ती अट चढली. त्यानंतरच्या चैतांत बायका पहाटे मोहाखाली गेल्या आणि टोपल्या भरून घरी आल्या. नियम चांगला असला की सांगण्यासारखं काही घडतच नाही, ते असं.

पण हुकूम निघाला त्या वर्षी पौषाच्या आधी कार्तिक आला. बाकीच्यांच्या बंदुका अजून घरी होत्या. रामाजीची गेली होती. उशिरा रोवलेलं धान लोंब्यांनी वाकलं आणि रानडुकरं उतरायला लागली. आजूबाजूच्या शेतांत बार वाजले की ती नेमकी रामाजीच्या बांधीत शिरत. एका रात्रीत त्यांनी कोपऱ्यातली अख्खी बांधी लोळवली. रामाजी राखणीच्या उंच माळ्यावर बसून एकटा डबा बडवत होता, पण एक माणूस कुठल्या कुठल्या बांधावर धावणार?

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता तो माळ्यावर चढला, तर नाल्याकडून बांधाबांधानं बायकांची रांग येताना दिसली. कुणाच्या हातात ढोल, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कमरेवर पोर. रांगेत सगळ्यात पुढं लंगडत, मागच्यांना खिजवत, मोठमोठ्यानं बोलत सुकरी. आल्या आल्या तिनं दोघी-दोघींना चारी कोपऱ्यांवर पिटाळलं.

"हे काय, सुकरीबाई?" रामाजीनं वरून विचारलं.

"राखण. आज आम्ही, उद्या खालच्या टोल्यातल्या. धान घरी येतपर्यंत."

"तुम्ही काऊन जागाचं? गलती माझी होती."

"तुमची गलती होती, तिचं तुम्ही भरलं," सुकरी म्हणाली. "बंदूक आम्ही मांगितली, तिचं आम्ही भरतो."

शेकोटीसाठी फाटी घेऊन आलेली वच्छला बांधावर तशीच थबकली होती. सुकरीनं माळ्याच्या खांबाला धरून एक पाय वर ठेवला, दुसरा काही उचलेना.

"नुसते पाहून काऊन राह्यले, भाऊ? मले चढता येत नाई, हात द्या."

रामाजीनं वाकून दोन्ही हात दिले आणि तिला वर घेतलं.